रक्तात न सापडलेली अर्धशिशी

मधुमेहाचे निदान रक्तातील साखरेवरून, काविळीचे बिलिरुबिनवरून आणि हृदयविकाराच्या झटक्याचे ट्रोपोनिन या प्रथिनावरून करण्याची पद्धत विसाव्या शतकात रुळत गेली. पण अर्धशिशीच्या निदानासाठी तशीच एखादी तपासणी शोधण्याचे जे प्रयत्न फ्लॉरेन्स, सिडनी, लंडन, लुंड आणि कोपनहेगन येथील प्रयोगशाळांत झाले, त्यांपैकी एकालाही निदानाच्या अंगाने यश आले नाही. एखाद्या रोगाचे अस्तित्व, त्याची तीव्रता किंवा उपचाराला मिळणारा प्रतिसाद ज्याच्या मोजमापावरून कळू शकतो, अशा शरीरातील रासायनिक पदार्थाला जैवरासायनिक निर्देशक म्हणतात, आणि तो रक्तात, लघवीत, लाळेत किंवा मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या मस्तिष्क-मेरुद्रवात मोजता येतो. अर्धशिशीच्या बाबतीत असे अनेक पदार्थ एकामागून एक पुढे आले, काही वर्षे त्यांचा बोलबाला झाला आणि फेरतपासणीत ते मागे पडले. तरीही या साऱ्या खटाटोपाला निव्वळ अपयश म्हणता येत नाही, कारण निदानाच्या कसोटीवर नापास झालेल्या याच पदार्थांचा माग काढताना अर्धशिशीवरची आजची प्रमुख औषधे हाती लागली.

रक्तवाहिनी की चेता?

अर्ध्या डोक्यात उठणाऱ्या वेदनेची नोंद भारतीय आणि ग्रीक या दोन्ही वैद्यकपरंपरांत आढळते; सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांमध्ये अर्धावभेदकाचा समावेश आहे, तर दुसऱ्या शतकात गेलनने शरीरातील दूषित द्रव आणि बाष्प डोक्याकडे चढल्याने हा विकार होतो असे मानले होते. शरीरात काहीतरी दूषित द्रव्य फिरते आणि ते डोक्यात पोहोचले की वेदना होते, ही कल्पना पुढे शास्त्रीय भाषेत पुन्हा अवतरणार होती; परंतु एकोणिसाव्या शतकात वादाचा भर द्रव्यांवर नव्हता, रक्तवाहिन्यांवर होता. बर्लिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ एमिल ड्यू ब्वा-रेमाँ यांना स्वतःलाच अर्धशिशीचा त्रास होता, आणि झटक्याच्या वेळी आपला चेहरा फिका पडतो व कानशिलावरची रोहिणी दोरीसारखी ताठ लागते, या स्वतःवरच्या निरीक्षणावरून त्यांनी १८६० मध्ये रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाचा सिद्धान्त मांडला. सात वर्षांनी मोलेनडॉर्फ यांनी नेमका उलटा, म्हणजे रक्तवाहिन्या सैलावून प्रसरण पावण्याचा सिद्धान्त पुढे केला, तर इंग्लंडमध्ये एडवर्ड लिव्हिंग यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विकाराचे मूळ रक्तवाहिन्यांत नसून चेतासंस्थेत उठणाऱ्या वादळात आहे, असे प्रतिपादन केले.

या वादाचे पारडे रक्तवाहिन्यांच्या बाजूने झुकवले ते एका औषधाने. राय या धान्यावर पडणाऱ्या अर्गट नावाच्या बुरशीपासून स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीत आर्थर श्टोल यांनी १९१८ मध्ये अर्गोटामिन हे संयुग वेगळे केले, आणि पुढील दशकात अर्धशिशीवर त्याचा वापर सुरू झाला. हे औषध नेमके काय करते याचे प्रत्यक्ष मोजमाप न्यूयॉर्कमध्ये जॉन ग्रॅहम आणि हॅरॉल्ड वुल्फ यांनी केले; झटका चालू असताना कानशिलावरील रोहिणीच्या स्पंदनांचा आलेख घेत त्यांनी शिरेतून अर्गोटामिन दिले, आणि स्पंदनांची उंची जसजशी कमी होत गेली तसतशी वेदनाही ओसरत गेली, असे १९३८ मध्ये त्यांनी दाखवून दिले. प्रसरण पावलेली रोहिणी म्हणजेच अर्धशिशी, हे समीकरण त्यानंतर तीन-चार दशके पाठ्यपुस्तकांत टिकून राहिले.

वुल्फ यांचे स्वतःचे मात्र एवढ्यावर समाधान झालेले नव्हते. व्यायामाने किंवा कडक पाण्याच्या स्नानाने डोक्यातील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, पण त्यामुळे डोके दुखत नाही; तेव्हा वेदनेसाठी प्रसरणाच्या जोडीला एखादे रासायनिक द्रव्य असलेच पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. त्यांच्या गटाने झटक्याच्या वेळी डोक्याच्या दुखऱ्या भागातील त्वचेखालचा द्रव काढून तपासला, त्यात रक्तवाहिन्या सैलावणारे आणि वेदनेची जाणीव तीव्र करणारे, ब्रॅडीकायनिनशी साधर्म्य असलेले द्रव्य असल्याचे १९५७ ते १९६० या काळात जाहीर केले, आणि त्याला न्यूरोकायनिन असे नाव दिले. वुल्फ १९६२ मध्ये निवर्तले आणि हा धागा तेथेच सुटला. मात्र झटक्याच्या वेळी, झटक्याच्याच जागेतून नमुना घ्यायचा, ही त्यांची पद्धत तीस वर्षांनी निर्णायक ठरणार होती.

लघवीतला पुरावा

दरम्यान दुसरे एक द्रव्य प्रकाशात आले होते. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्व्हिन पेज यांनी १९४८ मध्ये रक्तातून एक वाहिनी-आकुंचक पदार्थ वेगळा केला आणि त्याचे नामकरण सिरोटोनिन असे केले. इटलीत व्हित्तोरियो एर्स्पामेर यांनी आतड्याच्या पेशींतून काढलेले एंटेरामिन हे द्रव्य म्हणजे तेच, हेही लवकरच स्पष्ट झाले. शरीरात मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या साहाय्याने सिरोटोनिनचे विघटन होऊन हायड्रॉक्सी-इंडोल-ॲसेटिक आम्ल तयार होते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. आतड्यात होणाऱ्या कार्सिनॉइड नावाच्या गाठी सिरोटोनिन मोठ्या प्रमाणात बनवतात, त्यामुळे लघवीतील या आम्लाची पातळी मोजून त्या गाठींचे निदान करण्याची सोपी चाचणी १९५५ पासून उपलब्ध झाली होती. एका विकाराच्या बाबतीत जे साधले ते दुसऱ्याच्या बाबतीतही साधेल, ही अपेक्षा त्या काळात स्वाभाविक होती.

ती अपेक्षा फ्लॉरेन्सच्या फेडेरिगो सिकुतेरी यांनी कसोटीला लावली. सिरोटोनिनला विरोध करणारे मेथिसरजाइड हे औषध अर्धशिशीचे झटके टाळण्यास उपयोगी पडते, असे त्यांनी १९५९ मध्ये दाखवले होते. त्यापाठोपाठ १९६१ मध्ये, झटक्याच्या काळात रुग्णांच्या लघवीतील हायड्रॉक्सी-इंडोल-ॲसेटिक आम्ल वाढते, असा निष्कर्ष त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. अर्धशिशीच्या झटक्याची रासायनिक खूण लघवीत शोधण्याचा हा पहिला महत्त्वाचा प्रयत्न म्हणावा लागेल. परंतु पुढील प्रयोगांत ही वाढ सर्व रुग्णांमध्ये आढळली नाही, आणि जेथे आढळली तेथेही तिचे प्रमाण कार्सिनॉइडच्या तुलनेत किरकोळ होते. शिवाय केळ्यात सिरोटोनिन भरपूर असल्याने काही केळी खाल्लेल्या निरोगी माणसाच्या लघवीतही हेच आम्ल वाढते, ही गोष्ट १९५८ पासूनच ज्ञात होती. तेव्हा आहारावर काटेकोर नियंत्रण ठेवल्याशिवाय किरकोळ वाढीचा अर्थ लावणे अशक्य होते, आणि उलट्या होत असलेल्या, अंधाऱ्या खोलीत पडून राहिलेल्या रुग्णाकडून दिवसभराची लघवी गोळा करणे हेही सोपे काम नव्हते.

मेथिसरजाइडची पुढची कथाही या इतिहासाचा भाग आहे. औषधाचा लाभ झालेल्या शेकडो रुग्णांचा पाठपुरावा करणारे जॉन ग्रॅहम, म्हणजे १९३८ च्या प्रयोगातील वुल्फ यांचे सहकारीच, यांच्या लक्षात आले की दीर्घकाळ औषध घेणाऱ्या काहींच्या पोटाच्या मागील बाजूस आणि हृदय-फुप्फुसांत तंतुमय ऊतींची घातक वाढ होते. त्यामुळे औषधाच्या वापरावर मर्यादा आल्या, आणि सिरोटोनिनशी संबंध आहे हे ठाऊक असूनही तो नेमका कोणता, हा प्रश्न उघडाच राहिला.

सिडनीतील उलगडा

या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या दिशेने सर्वांत पद्धतशीर काम ऑस्ट्रेलियात झाले. सिडनीच्या प्रिन्स हेन्री रुग्णालयात जेम्स लान्स, मायकेल अँथनी आणि हिंटरबर्गर यांनी लघवीऐवजी थेट रक्तातील सिरोटोनिन मोजण्यास सुरुवात केली, आणि १९६५ व १९६७ च्या त्यांच्या शोधनिबंधांनी चित्र उलटेपालटे केले. बहुतेक रुग्णांत झटका सुरू होताना रक्तातील सिरोटोनिन वाढत नव्हते, ते झपाट्याने घसरत होते. रक्तातील जवळपास सगळे सिरोटोनिन बिंबिकांमध्ये, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट या सूक्ष्म कणांमध्ये साठवलेले असते, म्हणून या घसरणीचा अर्थ असा लावला गेला की झटक्याच्या आरंभी काहीतरी द्रव्य बिंबिकांमधील साठा मोकळा करते आणि ते सिरोटोनिन विघटित होऊन शरीराबाहेर टाकले जाते.

या अर्थाला प्रयोगाचे दुहेरी बळ होते. रिझरपिन हे भारतीय सर्पगंधेपासून मिळणारे औषध शरीरातील सिरोटोनिनचे साठे रिकामे करते, आणि ते टोचल्यावर अर्धशिशीच्या रुग्णांना झटक्यासारखी डोकेदुखी होते, असे दिसले. उलट बाजूने, शिरेतून सिरोटोनिन सोडल्यास चालू असलेली वेदना थांबते, असे न्यूयॉर्कमध्ये किमबॉल, फ्रीडमन आणि व्हालेहो यांनी १९६० मध्येच नोंदवले होते. साठा रिकामा केला की दुखणे येते आणि भरला की जाते, एवढे सरळ नाते समोर असताना सिरोटोनिनची घसरण हाच अर्धशिशीचा निर्देशक मानला जाण्याची शक्यता होती.

तसे घडले नाही, कारण एका रुग्णातील बदल दिसणे आणि त्या बदलावरून अनोळखी माणसाचे निदान करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्याच्या वेळची पातळी कमी आहे हे ठरवण्यासाठी त्याच माणसाची झटका नसतानाची पातळी हाताशी असावी लागते, कारण निरोगी माणसांतही ती कमीजास्त असते. आणि रोग्यांची सरासरी निरोग्यांपेक्षा वेगळी असली, तरी दोन्ही गटांतील आकडे एकमेकांत मिसळलेले असतील, तर कोणत्याही एका आकड्यावरून हा रोगी आणि हा निरोगी असा निवाडा करता येत नाही. ही अडचण पुढच्या प्रत्येक निर्देशकाच्या वाट्याला आली.

निदानाला निरुपयोगी ठरलेला हा शोध औषधशास्त्राच्या मात्र उपयोगी पडला. सिरोटोनिन शिरेतून दिल्यावर वेदना थांबत असली तरी धाप लागणे, चेहरा लाल होणे, अंगाला मुंग्या येणे असे परिणाम होत असल्याने ते औषध म्हणून देता येत नव्हते. तेव्हा डोक्यातील रक्तवाहिन्यांवर सिरोटोनिन ज्या ग्राहींना, म्हणजे रासायनिक संदेश टिपणाऱ्या पेशीवरील प्रथिनांना, चिकटते, तेवढ्याच ग्राहींना चिकटणारे संयुग बनवता येईल का, या प्रश्नावर इंग्लंडमधील ग्लॅक्सो कंपनीत पॅट्रिक हम्फ्री यांच्या गटाने १९७२ पासून काम सुरू केले. त्यातून सुमाट्रिप्टान हे औषध तयार झाले आणि १९९१ मध्ये ते बाजारात आले.

चीज, विकर आणि बिंबिका

सिडनीत रक्तातील सिरोटोनिन मोजले जात असतानाच लंडनमध्ये वेगळा धागा पकडला गेला. नैराश्यासाठी मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणारी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना मुरलेले चीज खाल्ल्यावर तीव्र डोकेदुखी होऊन रक्तदाब अचानक चढतो, हे १९६० च्या दशकाच्या आरंभी लक्षात आले होते, आणि त्याला कारण चीजमधील टायरामिन हे द्रव्य होते. चीज, चॉकलेट यांसारख्या पदार्थांनी आपल्याला झटका येतो असे सांगणाऱ्या अर्धशिशीच्या रुग्णांत हेच विकर जन्मतः दुबळे असावे, असा तर्क करून एडा हॅनिंग्टन यांनी अशा रुग्णांना टायरामिनच्या कुप्या दिल्या, आणि त्यांतील अनेकांना डोकेदुखी झाल्याचे १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. मर्टन सँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये त्यापुढचे पाऊल टाकून, झटक्याच्या काळात बिंबिकांमधील मोनोअमाइन ऑक्सिडेजची क्रियाशीलता घटलेली असते, असे दाखवले. बिंबिका रक्ताच्या साध्या नमुन्यातून मिळतात आणि सिरोटोनिन साठवण्याच्या बाबतीत त्या मेंदूतील चेतापेशींसारख्या वागतात, म्हणून मेंदूत काय चालले आहे हे बिंबिकांवरून वाचता येईल, अशी आशा त्या दशकात अनेकांनी बाळगली. १९७८ मध्ये तर हॅनिंग्टन यांनी अर्धशिशी हा मुळात रक्ताचाच विकार आहे काय, असा प्रश्न लॅन्सेट या नियतकालिकातून विचारला.

उत्तर प्रतिकूल आले. रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही कुपीत काय आहे हे माहीत नसेल अशा रीतीने केलेल्या चाचण्यांत टायरामिनचा परिणाम टिकला नाही. बिंबिकांमधील विकराची पातळी धूम्रपान करणाऱ्यांमध्येही कमी असते, असे निष्पन्न झाल्याने ती घट अर्धशिशीचीच खूण आहे असे म्हणता येईना. मॅग्नेशियमची घटलेली पातळी, ग्लुटामेट या उत्तेजक अमिनो आम्लाची वाढलेली पातळी अशा आणखी नोंदी १९८९-९० च्या सुमारास प्रसिद्ध झाल्या. त्यांतूनही निदानाची चाचणी उभी राहिली नाही.

मानेतल्या शिरेतले रक्त

निर्णायक वळण अशा ठिकाणाहून आले की जेथे अर्धशिशीचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. कॅलिफोर्नियात सुसान अमारा, मायकेल रोझेनफेल्ड, रोनाल्ड एव्हान्स आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या थायरॉइड गाठींमधील कॅल्सिटोनिन या संप्रेरकाच्या जनुकाचा अभ्यास करत असताना, त्याच जनुकापासून चेतापेशींत एक वेगळाच पदार्थ बनू शकतो, असे त्यांना आढळले आणि १९८२ मध्ये त्यांनी ते नेचरमध्ये प्रसिद्ध केले. सदतीस अमिनो आम्लांच्या या साखळीला कॅल्सिटोनिन जनुक-संबंधित पेप्टाइड, संक्षेपाने सीजीआरपी, असे नाव मिळाले. रक्तवाहिन्या सैलावण्याची त्याची क्षमता असामान्य होती, आणि स्वीडनमधील लुंड येथे लार्स एडविन्सन यांच्या गटाने ते ट्रायजेमिनल चेतेच्या, म्हणजे चेहरा, कपाळ आणि मेंदूची आवरणे यांची संवेदना वाहणाऱ्या पाचव्या शीर्षचेतेच्या तंतूंमध्ये असल्याचे दाखवले. या चेतेचे आणि मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्यांचे नातेच अर्धशिशीच्या वेदनेचे मूळ असावे, असे मायकेल मॉस्कोवित्झ यांनी १९७९ मध्ये मांडले होते. त्यांचा रोख मात्र सबस्टन्स पी या दुसऱ्या पेप्टाइडवर होता.

या दोन पेप्टाइडांतील खरे कोणते, याचा निकाल लान्स यांच्या हाताखाली सिडनीत तयार झालेले पीटर गोड्स्बी आणि एडविन्सन यांच्या १९९० च्या प्रयोगाने लावला. प्रयोगाची सगळी भिस्त नमुना कोठून आणि केव्हा घ्यायचा यावर होती. डोक्याच्या बाह्य भागातून आणि मेंदूच्या आवरणातून परतणाऱ्या रक्ताचा मोठा वाटा मानेच्या कडेला दिसणाऱ्या बाह्य कंठनीलेतून खाली उतरतो, म्हणून झटका ऐन भरात असताना या शिरेतून रक्त काढण्यात आले, आणि तुलनेसाठी त्याच वेळी कोपराच्या पुढच्या शिरेतूनही नमुना घेण्यात आला. मानेतल्या रक्तात सीजीआरपी सामान्य पातळीच्या दुपटीहून अधिक निघाले. हाताच्या रक्तात ते वाढलेले नव्हते. आणि सबस्टन्स पी कोठेही वाढलेले नव्हते. तीन वर्षांनी या दोघांनी आणखी एक दुवा जोडला, तो असा की सुमाट्रिप्टान दिल्यावर वेदना थांबते तेव्हा मानेतल्या रक्तातील सीजीआरपीही पूर्वपदावर येते.

या निकालाचे खरे मोल पुढील दीड दशकात कळले. सबस्टन्स पीला अडवणारी औषधे अर्धशिशीवर वापरून पाहण्यात आली आणि ती निष्फळ ठरली, जणू १९९० च्या त्या नमुन्यांनी हे आधीच सांगून ठेवले होते. उलट कोपनहेगनमध्ये येस ओलेसन यांच्या गटाने २००२ मध्ये अर्धशिशीच्या रुग्णांना शिरेतून सीजीआरपी दिले तेव्हा त्यांतील काहींना तासाभराने किंवा त्यानंतर झटका आला, आणि २००४ मध्ये सीजीआरपीचा ग्राही अडवणाऱ्या ओल्सेजेपँट या संयुगाची चाचणी झाली तेव्हा निवडलेल्या मात्रेने दोन तासांत आराम पडलेल्यांचे प्रमाण ६६ टक्के निघाले, तर औषध नसलेले द्रावण दिलेल्यांत ते २७ टक्के होते.

फेरतपासणी

सीजीआरपीच्या रूपाने अर्धशिशीचा निर्देशक अखेर सापडला, अशी समजूत दृढ होत असतानाच कोपनहेगनच्याच गटाने २००५ मध्ये ती हलवली. त्यांनी प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याशीच केली. झटक्याच्या वेळी आणि झटका नसताना, मानेतून आणि हातातून असे नमुने घेतले, दोन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजणी केली, आणि कोठेही लक्षणीय वाढ आढळली नाही. ज्या गटाने सीजीआरपीवर आधारित उपचाराची पायाभरणी केली त्याच गटाने त्याच्या निदानमूल्यावर प्रश्नचिन्ह उभे केले, ही गोष्ट या क्षेत्राच्या शास्त्रीय प्रामाणिकपणाची साक्ष देणारी आहे.

पुन्हा आशा पालवली ती २०१३ मध्ये, स्पेनमधील ओव्हिएडो येथे. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस डोके दुखणाऱ्या, म्हणजे जीर्ण अर्धशिशी असलेल्या १०३ स्त्रियांच्या हातातील रक्त झटका नसताना तपासून हुलिओ पास्कुआल यांच्या गटाने सीजीआरपीची सरासरी पातळी दर मिलिलिटरला सुमारे ७५ पिकोग्रॅम असल्याचे सांगितले. निरोगी स्त्रियांत ती सुमारे ३४ होती आणि अधूनमधून झटके येणाऱ्यांत या दोहोंच्या मध्ये. मानेच्या शिरेत सुई घालण्याची आणि झटक्याची वाट पाहण्याची गरज संपली तर चाचणी दवाखान्यात येऊ शकेल, हे उघड होते. पण २०१८ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी तशीच मोजणी केली तेव्हा जीर्ण अर्धशिशीचे रुग्ण आणि निरोगी माणसे यांच्यात फरक दिसला नाही.

निष्कर्षांतील या विसंगतीमागे प्रयोगशाळेच्या टेबलावरची कारणे आहेत. सीजीआरपी रक्तात काही मिनिटांतच निम्म्यावर येते, त्यामुळे रक्त काढल्यापासून नळी थंड करून, विघटन रोखणारे द्रव्य मिसळून रक्तद्रव वेगळा करेपर्यंत किती वेळ गेला, यावर आकडा बदलतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोजणीसंचांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आणि सीजीआरपी आतडे, हृदय आणि सर्वांगातील चेतातंतूंमधूनही रक्तात उतरत असल्याने हाताच्या रक्तातील पातळीत डोक्याचा वाटा किती, हे सांगता येत नाही. मस्तिष्क-मेरुद्रव मेंदूच्या अधिक जवळचा असला तरी तो काढण्यासाठी पाठीच्या मणक्यांमध्ये सुई घालावी लागते, आणि त्या क्रियेनेच अनेकांना काही दिवस डोकेदुखी होते. डोकेदुखीच्या सर्रास निदानासाठी असा मार्ग कोणी सुचवणार नाही.

औषधाच्या बाजूने मात्र घोडदौड चालूच राहिली. सीजीआरपीच्या ग्राहीला अडवणारे एरेनुमॅब हे प्रतिपिंड, म्हणजे एका विशिष्ट लक्ष्याला चिकटण्यासाठी तयार केलेले प्रथिन, अमेरिकेत मे २०१८ मध्ये मंजूर झाले, त्याच वर्षी खुद्द सीजीआरपीला बांधून ठेवणारी आणखी दोन प्रतिपिंडे आली, आणि २०२१ चे मेंदू संशोधनाचे ब्रेन प्राइझ एडविन्सन, गोड्स्बी, मॉस्कोवित्झ व ओलेसन यांना विभागून मिळाले. पुढील वर्षी एक लाखाहून अधिक रुग्णांच्या जनुकीय तुलनेतून अर्धशिशीशी निगडित १२३ जागा निश्चित झाल्या, त्यांत सीजीआरपी घडवणाऱ्या जनुकांचाही परिसर होता. पण प्रत्येक जागेचा एकट्याचा प्रभाव इतका अल्प आहे की जनुकांवरूनही सर्वसामान्य अर्धशिशीचे निदान होत नाही.

कसोटीचीच कसोटी

सत्तर वर्षांच्या या शोधामागे एक मूलभूत अडचण आहे. ट्रोपोनिनची पारख करताना हृदयाचा स्नायू खरोखर मेला आहे की नाही हे शवविच्छेदनात किंवा चित्रणात स्वतंत्रपणे पाहता येते. अर्धशिशीच्या निर्देशकाची पारख करताना मात्र, हा माणूस अर्धशिशीचा रुग्ण आहे, हे त्या माणसाच्या सांगण्यावरूनच ठरवावे लागते. सिकुतेरी आणि लान्स यांच्या काळात तर त्या सांगण्यालाही ठाम चौकट नव्हती, कारण १९६२ मध्ये अमेरिकेतील समितीने केलेली व्याख्या बरीच सैल होती आणि एका देशातील रुग्ण दुसऱ्या देशातील रुग्णांसारखेच होते याची खात्री देता येत नव्हती. ओलेसन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय वर्गीकरण प्रसिद्ध केले तेव्हा प्रथमच जगभरातील संशोधक एकाच मापाने रुग्ण निवडू लागले. किमान पाच झटके, प्रत्येक झटका ४ ते ७२ तासांचा. एका बाजूला दुखणे, ठणका, मध्यम ते तीव्र वेदना आणि चालण्या-जिना चढण्याने वाढ यांपैकी किमान दोन लक्षणे. आणि मळमळ-उलटी किंवा उजेड व आवाज दोन्ही सहन न होणे यांपैकी एक, असे निकष २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीतही जवळजवळ तसेच आहेत, आणि त्यांत एकाही रासायनिक तपासणीचा समावेश नाही.

हे निकष किती कामाचे आहेत याचे भारतीय उदाहरण कर्नाटकात मिळते. बेंगळुरू शहरात आणि आसपासच्या ग्रामीण भागात १८ ते ६५ वयोगटातील लोकांच्या घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत, वर्षभरात अर्धशिशी होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २५ टक्के आढळले. ही सारी मोजणी प्रश्नावलीच्या आधारे झाली.

डोकेदुखीत रक्ततपासणीला स्थान नाही, असा याचा अर्थ नव्हे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेल्या डोकेदुखीत कानशिलाच्या रोहिणीचा दाह झाला आहे काय, हे पाहण्यासाठी रक्तपेशींचा अवसादन वेग, म्हणजे ईएसआर, तपासणे अत्यावश्यक असते, कारण तो विकार वेळीच ओळखला नाही तर दृष्टी जाऊ शकते. मात्र अशा तपासण्या दुसरा विकार शोधण्यासाठी किंवा वगळण्यासाठी असतात. इतिहासाचा निवाडा असा की अर्धशिशीच्या निर्देशकांनी रुग्ण ओळखून दिला नाही, त्यांनी उपचाराचे लक्ष्य ओळखून दिले. आणि पुढील काळात त्यांचा उपयोग झालाच, तर कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल हे आधी सांगण्यासाठी होण्याची शक्यता अधिक आहे. तोपर्यंत, अर्धशिशी असल्याचे किंवा नसल्याचे सिद्ध करणारी प्रमाणित रक्ततपासणी उपलब्ध नाही, आणि सर्व अहवाल निर्दोष आले म्हणून रुग्णाची वेदना खोटी ठरवण्याचा अधिकार त्या अहवालांना नाही.